मतदानासाठी नागरिकत्वाचे कागद मागण्याविरुद्ध महापालिकेत ठराव आणायचा असेल तर

असे बहुतेक ठराव एकाच ठिकाणी अडकतात. ‘ही महापालिका तीव्र निषेध करते’ असं लिहून नगरसेवक ठरावाची सूचना देतात, सभागृह ती मंजूर करतं आणि सूचना आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते. ‘विषय महापालिकेच्या कार्यकक्षेत येत नाही’ असा शेरा आला की कागद दफ्तरी दाखल. हा शेरा चुकीचाही नसतो. विधानसभेची मतदार यादी संविधानाच्या कलम ३२४ खाली निवडणूक आयोगाच्या ताब्यात असते. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी तीच, फक्त प्रभागवार फोडलेली. पालिकेला त्यात एकही नाव घालता येत नाही की काढता येत नाही.

पण जे कागद लोकांकडे मागितले जातात त्यातले कितीतरी पालिकेच्याच कपाटांत आहेत: जन्म नोंदवह्या, पालिका शाळांची जनरल रजिस्टरं, प्रसूतिगृहांच्या नोंदी. ठराव इथून सुरू केला तर तो कार्यकक्षेबाहेरचा म्हणता येत नाही.

आधी कायद्याची बाजू पक्की करून घ्या, कारण सभागृहात पहिला प्रश्न ‘मग परदेशी माणसांनी मतदान करायचं का?’ हाच येतो. उत्तर सरळ द्या. मतदार भारताचा नागरिकच हवा, हे कलम ३२६ आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चं कलम १६ सांगतं, आणि त्याला कुणाचाच विरोध नाही. वाद आहे तो सिद्ध करण्याचा भार कुणावर, याचा. नेहमीच्या नोंदणीत नमुना ६ मध्ये, म्हणजे नवीन नाव नोंदवायच्या अर्जात, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा जोडतात, नागरिकत्वाबद्दल स्वतःचं घोषणापत्र देतात. ते खोटं निघालं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ज्याचं नाव आधीच यादीत आहे त्याच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा लाल बाबू हुसेन निकाल जवळ ठेवा. तो मुंबई आणि दिल्लीतल्या मतदारांना आलेल्या नोटिसांवरूनच झाला. पोलीस जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र असे मोजकेच कागद मागत होते. न्यायालय म्हणालं, यादीत नाव आहे म्हणजे ते नीट तपासूनच घातलं असं धरावं लागेल. संशयाचा आधार त्या माणसाला कळला पाहिजे, आणि तो देईल तो सगळा पुरावा बघितला पाहिजे. या निकालाचा उल्लेख ठरावाच्या पहिल्या परिच्छेदात यायलाच हवा.

कागद मागितले की काय होतं हे बिहारवरून दाखवा. २४ जून २०२५ च्या निवडणूक आयोगाच्या आदेशाने तिथे मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे घरोघरी फेरतपासणी, सुरू झालं. २००३ च्या यादीत नाव नसलेल्यांना ११ कागदांच्या यादीतून पुरावा द्यायचा होता. १ जुलै १९८७ पूर्वी जन्मलेल्यांनी स्वतःचा, त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यांनी स्वतःचा आणि आईवडिलांपैकी एकाचा, त्यापुढच्यांनी दोघांचाही. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. ही सगळी कागदाअभावी गेली असं मात्र चुकूनही लिहू नका. मयत, स्थलांतरित आणि दुबार अशी कारणं आयोगाने दिली होती, आणि अशा एका अतिशयोक्तीने अख्खा ठराव हलका होतो. नावं कारणांसह जाहीर करायला आणि पुढे ८ सप्टेंबरला आधार ओळखीसाठी बारावा कागद म्हणून घ्यायला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, एवढं पुरेसं बोलकं आहे. केरळ विधानसभेने त्याच महिन्यात या पुनरीक्षणाविरुद्ध एकमताने ठराव केला. तो नमुना म्हणून सोबत जोडता येतो.

आता मुंबईची अडचण. जन्माची नोंद राहत्या वॉर्डात होत नाही, जन्म झाला त्या ठिकाणच्या वॉर्डात होते. धारावीतल्या बाईचं बाळंतपण सायन रुग्णालयात झालं असेल तर नोंद धारावीच्या जी उत्तर वॉर्डात सापडणार नाही, ती रुग्णालयाच्या एफ उत्तर वॉर्डात. लोक चुकीच्या खिडकीवर उभे राहतात, ‘नोंद आढळत नाही’ ऐकतात आणि घरी जातात. नोंद सापडली तरी बाळाच्या नावाचा रकाना कित्येकदा कोरा असतो, कारण बारशाआधीच नोंद झालेली असते. आईचं नाव कुठे माहेरचं, कुठे सासरचं. गावी जन्मलेल्यांची तर नोंदच इथे नाही. सर्वात जास्त फटका लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना बसतो: दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि मधला दुवा जोडणारा कागद नाही.

म्हणून ठरावाच्या मागण्या अशा ठेवा:

‘सर्व वॉर्डांच्या जन्म नोंदवह्यांचा शोध कोणत्याही एका वॉर्ड कार्यालयातून घेता यावा. शोध घेऊनही नोंद न मिळाल्यास तसं लेखी प्रमाणपत्र द्यावं. मतदार पडताळणीच्या काळात जन्मदाखला आणि पालिका शाळेच्या रजिस्टरचा उतारा विनाशुल्क द्यावा. प्रत्येक वॉर्ड कार्यालयात मदत कक्ष असावा. यादीत नाव असलेल्या मतदाराकडून नागरिकत्वाचे नव्याने कागद मागू नयेत, अशी शिफारस ही महापालिका निवडणूक आयोगाकडे करत आहे.’

शेवटचं वाक्य ‘शिफारस’ असंच राहू द्या. ‘आदेश’ किंवा ‘मनाई’ शब्द आला की ठराव पडला.

एक मागणी मोहाची वाटते, ती टाळा: ‘पालिकेचे कर्मचारी हे काम करणार नाहीत.’ १९५० च्याच अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे मागणी झाल्यावर स्थानिक संस्थेला माणसं द्यावीच लागतात. यादीच्या कामावर असताना ते कलम १३सीसी खाली आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर मानले जातात, आणि कर्तव्यात कसूर झाली तर कलम ३२ खाली खटला त्या बीएलओवर (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यावर), म्हणजे एखाद्या शिक्षिकेवर किंवा कारकुनावर होतो. आपल्या ठरावाची किंमत तिने मोजायची हे बरोबर नाही.

सूचना लेखी, अनुमोदकाच्या सहीसह महापालिका चिटणिसांकडे द्या आणि पोच घ्या. एकाच पक्षाच्या सह्या असतील तर ती चर्चेला येईपर्यंत महिने जातात, दोन-तीन पक्षांच्या घ्या. तोच मजकूर प्रभाग समितीतही मांडा. मदत कक्षासारखी गोष्ट तिथून वॉर्डाच्या सहाय्यक आयुक्तांपर्यंत लवकर पोहोचते. मंजुरीनंतर ठराव क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि अभिप्राय आला का, हे नगरसेवकाला लेखी विचारत राहा.

ठराव चालू असताना कुणाच्या नावावर नमुना ७ ची, म्हणजे यादीतून नाव काढण्यासाठीची, हरकत आली तर ठरावाची वाट बघत बसू नका. हरकतीची प्रत मागा आणि सुनावणीला जा. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जुन्या यादीतलं आईवडिलांचं नाव, असेल ते सगळं द्या आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या. आदेश लेखी मागा. विरोधात गेला तर १५ दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं.