ड्रॅग कारचं मॉडेल हाताने घडवताना या चुका टाळा

मॉडेल खोटं दिसतं ते बहुतेक वेळा जाडीमुळे. रंग झकास असतो, चाकं गोल असतात, इंजिनवरचे सगळे भाग जागच्या जागी असतात, तरी चार पावलं मागे जाऊन पाहिलं की ते खेळणं वाटतं. स्पार्क प्लगच्या वायरी बागेतल्या पाइपाएवढ्या आणि पत्रा फळीसारखा झालेला असतो. ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे सरळ पट्टीवर थोड्या अंतराची शर्यत धावणाऱ्या लांबुडक्या गाडीत, तर हे लपवायला जागाच नाही. चासी उघडी, इंजिन उघडं, सगळं डोळ्यांसमोर.

पुण्यात नव्याने स्क्रॅच बिल्डिंगला, म्हणजे तयार किट न घेता सगळं हाताने घडवायला, लागलेली मुलं मला कामं दाखवतात, तेव्हा त्याच त्या चुका दिसतात. मीही त्या केल्या आहेत. म्हणून आधी मापांचं बोलू.

मी नेहमी १/२५ प्रमाण घेतो. ड्रॅग रेसिंग अमेरिकेत वाढलं, त्यामुळे गाड्यांची मापं इंचांत मिळतात, आणि १/२५ मध्ये एक इंच म्हणजे १.०१६ मिमी. लहान भागांना इंचाचा आकडा तसाच मिमी म्हणून वाचला तरी चालतो. लांब मापाला मात्र गुणाकार कराच. टॉप फ्युएल हा ड्रॅग रेसिंगचा सगळ्यात वेगवान वर्ग; त्यातल्या आजच्या ड्रॅगस्टरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३०० इंचांपर्यंत असतो. तो ३०० मिमी नाही, ३०४.८ मिमी होतो, म्हणजे बरोबर एक फूट. पावणेपाच मिमीचा हा फरक बॉडी बसवताना नडतो.

नळ्या, पत्रा, वायरी

चासीसाठी हाताला येईल ती पितळी तार घेणं ही पहिली चूक. ड्रॅगस्टरच्या चासीतल्या बऱ्याच नळ्या सव्वा ते दीड इंची असतात. दरवाजे असलेल्या ड्रॅग कारच्या रोल केजला (ड्रायव्हरभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याला) क्रोमोली स्टीलची नळी लागते ती एक पूर्णांक पाच अष्टमांश इंचाची, पुण्याच्या हार्डवेअर बाजाराच्या, बोहरी आळीच्या, भाषेत दीड इंच एक सूत. ही दोन्ही मापं औषधाच्या दुकानात मिळतात. १८ गेजच्या इंजेक्शनच्या सुईचा बाहेरचा व्यास १.२७ मिमी, म्हणजे १/२५ मध्ये बरोबर सव्वा इंच. १६ गेजची सुई १.६५ मिमी, म्हणजे दीड इंच एक सूत. कोऱ्या सुयाच घ्या, टोक आधी उडवा, आणि पक्कडीने न तोडता कटिंग डिस्कने कापा, नाहीतर तोंड चेपतं. सुई सरळ नळीसाठीच वापरा. वाकवायला गेलात की ती मुडपते. जिथे वळण आहे तिथे पितळ.

सुई स्टेनलेस स्टीलची असते, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या साध्या राळेच्या फ्लक्सने तिला डाख (सोल्डर) धरत नाही. ॲसिड फ्लक्स लागतो, आणि तो वापरला तर लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. नाहीतर महिन्याभरात शेजारच्या पितळेवर हिरवं चढतं आणि रंगातून वर येतं.

पत्र्याचं गणित सोपं आहे. अर्ध्या मिमीची प्लास्टिक शीट १/२५ मध्ये साडेबारा मिमी जाड दिसते, म्हणजे अर्ध्या इंचाची प्लेट. सगळी शीट पातळ करायची गरज नाही. जी कड बाहेरून दिसते तेवढी आतल्या बाजूने पॉलिश पेपरने तिरकी घासून धारेसारखी करा. नजर कडेवरूनच जाडी ठरवते. सुटे पॅनेल असतील तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घ्या, तो साधारण ०.१ मिमी भरतो. कापताना हातमोजे घाला.

प्लगची खरी वायर ८ मिमी जाड, म्हणजे मॉडेलवर ०.३२. लोक फोनच्या केबलमधली प्लास्टिक कव्हरवाली तार लावतात, ती दुप्पट होते. मोटर रिवाइंडिंगची ३० नंबरची इनॅमल तार ०.३१५ मिमीची असते, तपकीर गल्लीत सहज मिळते. मी पहिल्यांदा ती घ्यायला गेलो तेव्हा वाइंडिंगवाले काका म्हणाले, "नंबर नुसत्या तांब्याचा असतो रे बाळा. वरचं इनॅमल धरून माप हवं असेल तर मायक्रोमीटर लाव." लावून पाहिलं, तार किंचित जास्त भरली. तेव्हापासून ३१ नंबरची घेतो.

वायर कुठे जाते, हेही पाहा. हेमी (अर्धगोल कंबशन चेंबरच्या) इंजिनात प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध असतो, वायर वरून आत शिरते. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये प्लग खाली, एक्झॉस्टच्या बाजूला. एकाचा फोटो बघून दुसऱ्याच्या वायरी लावलेली कितीतरी मॉडेलं मी पाहिली आहेत. आजच्या टॉप फ्युएल इंजिनात तर सिलिंडरमागे दोन प्लग, म्हणजे सोळा वायरी आणि ठिणगीची वीज तयार करणारे दोन मॅग्नेटो. रेडिएटर मात्र नसतोच. गाडी काही सेकंदच जोरात चालते आणि ब्लॉकमध्ये पाणी फिरत नाही, तेव्हा रेडिएटरची नळी जोडू नका.

एक्झॉस्टच्या वर वळलेल्या नळ्यांसाठी दोन मिमीच्या आसपास जाडीची सोल्डरची तार उत्तम, हाताने वळते. आठही नळ्या एकाच पेनाभोवती वळवा, अंदाजाने नको. टोकं ड्रिलने पोकळ करा. भरीव टोक ठेवलं की बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

एका गाडीत दोन जमाने

८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेलं, १९७१ मध्ये ती गाडी जिंकू लागली आणि काही वर्षांत टॉप फ्युएलचा चेहराच बदलला. म्हणून वर्ष आधी ठरवा. पुढे इंजिन असलेल्या जुन्या 'स्लिंगशॉट' गाडीत ड्रायव्हर मागच्या ॲक्सलच्याही मागे बसतो, पाय ॲक्सलवरून पुढे टाकून. सीट ॲक्सलच्या पुढे ठेवली की अख्ख्या गाडीचं प्रमाण बिघडतं, आणि पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही. मागचे टायरही वर्षाप्रमाणे बदलतात. आजचे ३६ इंच उंच आणि साडेसतरा इंच रुंद, म्हणजे मॉडेलवर ३६.६ बाय १७.८ मिमी. साठच्या दशकातल्या गाडीला ते लावले तर ती ट्रॅक्टर दिसते.

स्लिकवर, म्हणजे या मागच्या टायरवर, नक्षी नसते, चकाकीही नसते. जमिनीला टेकणारा पट्टा ४०० नंबरच्या पेपरने घासून राखाडी करा आणि खाली अर्धा मिमी सपाट करा, म्हणजे वजन टेकल्यासारखं वाटतं.

चौथं चाक हवेत

माझी पहिली लांब चासी सुरेख झाली होती. सांधे स्वच्छ, डाखेचा एक थेंब कुठे जास्त नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ग्रॅनाइटवर ठेवली आणि पुढच्या डाव्या चाकाखालून पोस्टकार्ड सरळ पलीकडे गेलं. एका फुटाच्या चासीत पीळ पडला होता. आधी डावी बाजू पूर्ण सोल्डर केली आणि मग उजवी, हे कारण. गरम सांधा थंड होताना आकसतो आणि सगळा सांगाडा आपल्याकडे ओढतो.

तेव्हापासून पद्धत बदलली. जाड काचेवर ग्राफ पेपर चिकटवायचा, त्यावर पूर्ण मापाचं रेखाचित्र, नळ्या खिळ्यांनी नाही तर लहान ठोकळ्यांनी धरायच्या. आधी प्रत्येक सांध्याला नुसता ठिपका, तोही समोरासमोर: पुढे डावीकडे, मग मागे उजवीकडे. सगळे ठिपके थंड झाले की पुन्हा त्याच क्रमाने सांधे भरायचे. उभ्या नळ्यांना प्रत्येक वेळी गुण्या लावायचा.

पीळ पडलाच असेल तर हाताने पिळून सरळ करू नका, दुसऱ्या दिवशी तो परत येतो. चासी काचेवर वजनाखाली दाबून धरा, मागच्या आडव्या नळीचे दोन्ही सांधे डाख वितळेपर्यंत गरम करा, ताण सुटू द्या आणि पूर्ण थंड झाल्यावरच वजन काढा. सुपरग्लूने जोडलेल्या चासीत हा उपाय चालत नाही, तिथे सांधा तोडून पुन्हा जोडावा लागतो. माझ्या चासीचे मी चार सांधे उकलले, तेव्हा कुठे पोस्टकार्ड अडलं.

पावसाळा आणि रंग

जुलैत स्प्रे मारलात आणि काळ्या रंगावर दुधट ढग आला, तर रंगाला दोष देऊ नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगात अडकते. पुण्यात जून ते सप्टेंबर हा धोका कायम. कोरडा दिवस बघा, रिटार्डर (हळू उडणारा) थिनर मिसळा. ढग आलाच तर कोरड्या दिवशी त्याच रंगाच्या थिनरचा अगदी हलका फवारा मारा. अडकलेली वाफ सुटते आणि रंग पुन्हा काळा होतो.

गॅरेजमध्ये वापरतात तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर कच्च्या प्लास्टिकवर थेट जाऊ देऊ नका, पॉलिस्टायरिन विरघळतं. एनसी पुट्टीचंही तसंच: जाड थर आतून उशिरा वाळतो आणि आकसत राहतो. मी एका गाडीच्या नाकावर दोन मिमीचा थर एकदम दिला होता. रंग, लेटरिंग, क्लिअर कोट, सगळं झाल्यावर तीन आठवड्यांनी तिथे खळगा पडला आणि सगळं उतरवावं लागलं. कागदाइतके पातळ थर द्या, मध्ये एक रात्र जाऊ द्या. खड्डा मोठा असेल तर आधी प्लास्टिकचाच तुकडा बसवा. पारदर्शक विंडशील्डला सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. तिथे फेविकॉल लावा, वाळल्यावर दिसत नाही.

रंगाआधी एक तपासणी करा. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असतात, १/२५ मध्ये ६१ मिमी. फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खाली येईल, लेन्स तेवढ्याच उंचीवर आणा आणि खिडकीच्या उजेडात मॉडेलचा फोटो काढा. मोठ्या स्क्रीनवर तो त्याच बाजूने काढलेल्या खऱ्या गाडीच्या फोटोशेजारी ठेवा. भिंगातून न दिसलेली जाड कड, वाकडी नळी, उंच बसलेली सीट तिथे लगेच दिसते, आणि तेव्हा ती बदलायला सांधे मोकळे असतात.