शिकागोच्या लायब्ररीत मराठी पुस्तक सापडत नाहीये? या चुका टाळा

पहिली चूक विमानात बसायच्या आधीच होते. घरच्यांनी सोसायटीभर सांगून टाकलेलं असतं की पोराला शिकागो युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली, आणि लेटर बघावं तर ते युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय शिकागोचं. ती सरकारी. मी सांगतेय ती युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, प्रायव्हेट, शहराच्या दक्षिणेला हाइड पार्कमध्ये, १८९० साली रॉकफेलरच्या पैशावर उभी राहिलेली. आता प्रायव्हेट म्हटलं की आपल्याला डोनेशन आणि मॅनेजमेंट कोटा आठवतो, तसलं काही डोक्यात आणू नका, संशोधनासाठी नावाजलेली जागा आहे ती, फी मात्र ऐकून घाम फुटेल अशी.

तिथली मोठी लायब्ररी म्हणजे रेगेनस्टाइन. सगळे नुसतं 'रेग' म्हणतात. १९७० मध्ये उघडली, दिसायला करड्या दगडी किल्ल्यासारखी, आणि जिथे ती उभी आहे तिथे आधी फुटबॉलचं मैदान होतं ज्याच्या स्टँडखाली २ डिसेंबर १९४२ ला शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि मंडळींनी अणू फोडण्याची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया चालवून दाखवली. त्याच्या आठवणीत उभारलेलं शिल्प बघायला येतात लोक, ते बाहेर रस्त्यालगत आहे, आत काउंटरवर विचारत बसू नका (मी विचारलं होतं).

आता मुद्द्याचं. सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते म्हणजे कॅटलॉगमधलं स्पेलिंग. मी पहिल्या आठवड्यात ज्ञानेश्वरीच्या आवृत्त्या शोधत होते, आपण व्हॉट्सॲपवर लिहितो तसं डी-एन-वाय करून टाकलं, थोडंफार इंग्रजीतलं आलं, मराठी जवळपास काहीच नाही. मी मनात म्हटलं की एवढं नाव आणि मराठी ठेवलेलंच नाही. शेजारच्या टेबलवरच्या बंगाली मुलीने कीबोर्ड ओढला आणि टाइप केलं जे-एन-ए-एन-ई-एस-व्ही-ए-आर-आय. स्क्रीन भरली. मग मला कळलं की ही लायब्ररी 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ची, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय लायब्ररीची, रोमन लिपीत लिहायची पद्धत वापरते आणि त्या पद्धतीत आपलं मराठी जरा वेगळंच दिसतं.

म्हणजे कसं, च ला नुसता सी, सीएच नाही. सीएच हा छ साठी ठेवलाय. त्यामुळे 'चरित्र' शोधताना सीएच लिहिलंत की गेलात. श ला एसवर तिरकी रेघ, तुम्ही नुसता एस टाका, खुणा टाकायची गरज नाही. व ला व्ही, डब्ल्यू कधीच नाही. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे आपण न उच्चारलेला अ सुद्धा ते लिहितात, म्हणून 'देशमुख' तिथे डी-ई-एस-ए-एम-यू-के-एच-ए होतो, वाचायला 'देसामुखा'. पहिल्यांदा बघून मी हसले होते पण एकदा डोक्यात बसलं की पटापट जमतं. थेट देवनागरीत टाकून बघायला हरकत नाही, पण बऱ्याच जुन्या नोंदी फक्त रोमनमध्ये आहेत, त्यामुळे देवनागरीत शून्य निकाल आला तर पुस्तक नाही असं समजू नका.

पुस्तक सापडलं, नंबर लिहून घेतला, आता शेल्फवर मिळत नाही? मराठी साहित्याचे बरेचसे नंबर पीके २४१८ पासून सुरू होतात आणि त्यापुढे अक्षर आणि आकडा असतो. तो आकडा दशांशासारखा वाचायचा. डी३७ हे डी४ च्या आधी येतं, नंतर नाही. सदतीस चारपेक्षा मोठा म्हणून पुढे शोधत जाल तर कपाट संपेल.

आणि नोंदीत 'मॅन्सुएटो' लिहिलं असेल तर शेल्फकडे जाऊच नका. रेगच्या शेजारी तो काचेचा घुमट आहे ना, २०११ चा, त्याच्या पोटात जमिनीखाली पस्तीस लाख खंड मावतील एवढी जागा आहे, पुस्तकं विषयवार नाही तर आकाराप्रमाणे पेट्यांत ठेवलेली, आणि रोबो क्रेन ती पेटी वर आणते. ऑनलाइन रिक्वेस्ट टाकायची, काही मिनिटांत पुस्तक काउंटरवर. माझा एक मित्र अर्धा तास घुमटाखाली 'कपाटं कुठे' करत फिरला होता.

एवढी मराठी पुस्तकं तिथे गेलीच कशी, असं कुणी विचारतं. आजीला रेशनवरचा लाल गहू आठवतो का विचारा. तो पीएल-४८० चा गहू, म्हणजे अमेरिकेच्या त्या नावाच्या अन्नमदत कायद्याखाली आलेला, त्याचे पैसे भारताने रुपयात दिले, ते रुपये भारतातच खर्च करायचे होते, आणि १९६२ पासून त्यातल्या काहींतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतातली पुस्तकं घेऊन अमेरिकन युनिव्हर्सिट्यांना पाठवली. मी एक पातळसा कथासंग्रह काढला होता, बाहेरून कडक कापडी बाइंडिंग, आत मूळ मुखपृष्ठ जसंच्या तसं आणि मागे छापलेलं 'साडेतीन रुपये'.

तिकडे जाणार नसाल तरी एक गोष्ट घरबसल्या मिळते, ती म्हणजे त्यांची डिजिटल साउथ एशिया लायब्ररी, फुकट, लॉगिनशिवाय. मोल्सवर्थ, दाते-कर्वे, वझे, बर्नसन, जुन्या मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउस, सगळे कोश एका जागी. इथली नेहमीची तक्रार म्हणजे 'शब्द सापडत नाही', आणि कारण असतं आपलं आजचं शुद्धलेखन. मोल्सवर्थची ही आवृत्ती १८५७ ची, आणि आपले ऱ्हस्व-दीर्घाचे आणि अनुस्वाराचे नियम आले १९६२ मध्ये. तुम्ही 'कवी' टाकता, तिथे 'कवि' आहे. 'वस्तू' नाही, 'वस्तु'. क्रियापदाचं रूप टाकू नका, 'केलं' शोधून काही हाती लागणार नाही, मूळ शब्दावर जा. आणि 'करणे' टाकूनही मिळालं नाही तर डोक्यावर टिंब द्या, 'करणें'.