मुंबईची वाढ रस्त्यावर उभे राहून कशी वाचावी

मुंबईचा इतिहास बहुधा सात बेटांच्या नकाशापासून सांगितला जातो. तो नकाशा माहीत असावा, परंतु अभ्यासाची सुरुवात त्यापासून करू नये, कारण ओहोटीच्या वेळी या बेटांमधल्या कित्येक खाड्या पायी ओलांडता येत असत आणि नकाशावर ठळक दिसणाऱ्या त्या रेषा प्रत्यक्षात भरती-ओहोटीबरोबर सरकत असत. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणी उभे राहून एकच प्रश्न विचारावा: ही जागा आधी पाण्याखाली होती, मुद्दाम मोकळी ठेवलेली होती, की येथे कोणाचे गाव होते? हे शहर या तीन प्रकारच्या जमिनींवर तीन वेगवेगळ्या कारणांनी वाढले आहे.

निघण्यापूर्वी आजच्या नकाशाशेजारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला एखादा नकाशा ठेवावा आणि आजच्या नकाशावर तीन रंगांच्या पेन्सिलींनी कोटाची, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या तटबंद शहराची, तटबंदी, जुना किनारा आणि रेल्वेमार्ग अशा तीन रेषा काढून घ्याव्यात. थोड्या सनावळ्याही हाताशी असाव्यात. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून हा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला, 1661 च्या विवाहकराराने तो इंग्लंडच्या राजाला मिळाला, प्रत्यक्ष ताबा 1665 मध्ये आला आणि 1668 मध्ये राजाने वर्षाला 10 पौंड भाड्याने तो ईस्ट इंडिया कंपनीला दिला. त्याआधी येथे ओसाड बेटेच होती, असे मात्र समजू नये. कोळीवाडे, आगरे, भंडाऱ्यांच्या वाड्या आणि माहीमसारखे नांदते ठाणे ही सारी वस्ती कंपनीच्या वखारीपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

चालण्याची सुरुवात हॉर्निमन सर्कलपासून करावी. आज बाग असलेली ही जागा कोटाच्या आतले मोठे पटांगण होती आणि तेथे कापसाच्या गासड्या रचल्या जात. समोरचा टाउन हॉल 1833 मध्ये पूर्ण झाला, तर जवळचे सेंट थॉमस चर्च 1718 पासून उभे आहे. या चर्चमध्ये घाई करू नये. भिंतींवरच्या संगमरवरी स्मृतिशिला सावकाश वाचाव्यात आणि मृत्यूच्या वेळचे वय पाहावे. विशी-तिशीत गेलेले अधिकारी इतके आढळतात की या दलदलीच्या बंदरात टिकून राहणे किती कठीण होते, हे निराळे सांगावे लागत नाही. उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवरची अंतरे याच चर्चपासून मोजली जात. काळबादेवीपासून दादरच्या दिशेने त्या काळचे काही मैलाचे दगड अद्याप टिकून आहेत. ते काळ्या दगडाचे असून त्यांवर रोमन आकडे कोरलेले आहेत. ते शोधत गेल्यास शहर कोणत्या वाटेने उत्तरेकडे सरकले, हे पायाखाली समजते.

यानंतर तटबंदीची रेषा धरावी. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात, 1716 च्या सुमारास हा तट पुरा झाला. त्याला अपोलो गेट, चर्चगेट आणि बझारगेट असे तीन दरवाजे होते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा मराठ्यांची फौज मुंबईवर येईल या धास्तीने तटाभोवती खंदक खणण्यात आला आणि त्यासाठी व्यापाऱ्यांनी 30,000 रुपये जमवून दिले. गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या कारकिर्दीत, 1860 नंतरच्या दशकात, हा तट पाडला गेला. चर्चगेटच्या जागी 1864 मध्ये फ्लोरा फाउंटन बांधण्यात आले. ते आज चर्चगेट स्थानकापासून इतके दूर का, या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. दादाभाई नौरोजी मार्गावरून चालताना आपण साधारणपणे पश्चिमेकडच्या तटाच्या कडेने जात असतो. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात जुन्या बांधकामाचा एक काळा तुकडा उरला आहे, तो अवश्य पाहावा.

तटाबाहेरची मैदाने हा या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, असे मला वाटते. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही नागरिकांच्या विरंगुळ्यासाठी राखलेली जागा नव्हती. तोफांच्या माऱ्यात शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तो सारा पट्टा मोकळा ठेवला होता. शहराला आज जो श्वास घेता येतो, तो युद्धाच्या भीतीने राखलेल्या या जमिनीमुळे. मैदान ओलांडले की धोबीतलाव, काळबादेवी, गिरगाव आणि भुलेश्वर लागतात. 1803 च्या मोठ्या आगीत कोटातली दाट वस्ती जळाल्यावर या भागाच्या वाढीला जोर आला. गल्ल्यांच्या नावांत वाडी, तलाव, खाडी आणि बंदर हे शब्द दिसले की ती नावे जुन्या नकाशावर लावून पाहावीत.

भराव ओळखण्यासाठी महालक्ष्मीला जावे. वरळीकडील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरून मधला सखल भाग बुडवीत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या नावाने ओळखला जाणारा बांध अठराव्या शतकाच्या अखेरच्या काळात पूर्ण झाला आणि हळूहळू त्या सखल भागात वस्ती शक्य झाली. पावसाळ्यात आजही पाणी कोठे तुंबते, हे या नकाशाशी ताडून पाहण्यासारखे आहे.

पुढची उडी रेल्वे आणि कापसाची आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्यानंतर थोड्याच वर्षांत ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, भरावाच्या कंपन्यांचे शेअर भडकले आणि 1865 मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला. 1864 च्या शिरगणतीत 8,16,562 असलेली लोकसंख्या 1872 मध्ये 6,44,405 वर आली. हे आकडे जवळ ठेवावेत, म्हणजे शहर सरळ रेषेत वाढत गेले, असा समज राहत नाही.

गिरणगाव पाहताना लालबाग-परळच्या चाळींत कोकण आणि घाटावरून आलेल्या कामगारांची माणसांनी भरलेली खोली डोळ्यांसमोर ठेवावी, आणि त्याच नजरेने 1896 ची प्लेगची साथ वाचावी. त्या साथीनंतर 1898 मध्ये शहरसुधारणेसाठी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या संस्थेने रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या. हिंदू कॉलनीतले सरळ रस्ते आणि काळबादेवीतल्या वळणदार गल्ल्या एकाच दिवशी पाहिल्या, तर आखलेले शहर आणि वाढत गेलेले शहर यांतला फरक स्पष्ट होतो.

उपनगरांत हीच पद्धत वापरावी, पण तेथे तट शोधू नये. 1950 मध्ये अंधेरीपर्यंतचा आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग महापालिकेच्या हद्दीत आला, म्हणजे वाढीची ही सीमा भिंतीने नव्हे, तर कायद्याने पुढे सरकली. येथे गावठाण शोधावे. रुंद रस्ता अचानक अरुंद होतो, घरे बसकी होतात, एखादी विहीर, क्रूस किंवा ग्रामदेवतेचे देऊळ दिसते. अशा ठिकाणी थांबून जुन्या रहिवाशांना शेते, मिठागरे आणि खाडी कोठवर होती, हे विचारावे आणि मिळालेली सीमा त्याच दिवशी आपल्या नकाशावर चौथ्या रंगाने काढावी.