नाव आणि जेंडर बदलून घेताय? या चुका टाळा

सगळ्यात पहिले हे सांगते, आधार सेंटरवर पळत जाऊ नका. आधारमध्ये नाव जन्मात दोनदाच बदलता येतं आणि जेंडर एकदाच. तरी टीजी सर्टिफिकेट, म्हणजे ट्रान्सजेंडर ओळखीचं सरकारी प्रमाणपत्र, हातात पडलं की लोक दुसऱ्या दिवशी सकाळीच सेंटरवर लाईनीत. इतकी वर्षं थांबलात ना, मग अजून दोन दिवस नावाचा विचार करा न बाप्पा.

आमच्या नंदनवनच्या एका मैत्रिणीचं सांगते. घरच्यांवर राग होता, म्हणून नवीन नावातून वडिलांचं नावच काढून टाकलं, फक्त नाव आणि आडनाव. राग बरोबरच होता, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण आधार तसं झालं आणि पॅन, बँक, मार्कशीट सगळीकडे तीन शब्दांचं जुनं नाव. बँकेत केवायसी अडकली, पगार अडकला, काउंटरवरचा माणूस सगळ्यांसमोर जुन्या नावाने हाका मारून राह्यला. शेवटी तिने मधलं नाव परत टाकलं आणि दुसरा चान्सही गेला. त्यात स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं! आता तेवढ्यासाठी यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, रिजनल ऑफिसकडे अर्ज.

म्हणून मी प्रत्येकाला कोऱ्या कागदावर पूर्ण नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहायला लावते आणि मग तोच कागद सगळीकडे न्यायचा. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात हे सर्टिफिकेट दाखवून कागदपत्रांवर पहिलं नाव बदलायचा हक्क लिहिलाय, मधलं नाव किंवा आडनाव बदलायचं असेल तर गॅझेट करूनच घ्या, म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून घ्या. आणि गॅझेटच्या फॉर्ममध्ये जुनं नाव जुन्या कागदावर आहे तस्संच लिहा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असते, आधारवर शेवटी, इथेच अर्धे लोक फसतात.

एजंट. यावर मला खूप राग येतो. कोर्टाच्या बाहेर कोणीतरी म्हणते, ताई द्या, सगळं करून देतो, आणि दुसऱ्याच कोणाच्या अॅफिडेव्हिटवर तुमचं नाव चिकटवून देते, खाली वय त्याचंच राहते. टीजी सर्टिफिकेटचा अर्ज सरकारी पोर्टलवर घरबसल्या होतो आणि कलेक्टरकडे जातो. तुमची ओळख आहे, टाईप तुम्हीच करा, नसेल जमत तर मैत्रिणीला शेजारी बसवा.

जुन्या आधार-पॅनचे स्कॅन बदलाच्या आधीच काढून ठेवा, जुन्या नावाचा पुरावा पुढे मागतातच.

मोबाईल नंबर आधारला लिंक आहे का आधी बघा, ओटीपी त्यावरच येतो.

आधारनंतर लगेच पॅन, मग बँक. मधात सहा महिने सोडले की नावं जुळत नाहीत आणि रिटर्न भरताना डोकं धरून बसावं लागते.

गॅझेट छापून आलं की अक्षर न् अक्षर वाचा, चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला टाका, आणि ती दुरुस्ती छापून येईपर्यंत आधारला हात लावू नका.