भिजलेलं कुटार कोंडून ठेवू नका, बुरशीची धूळ छातीत बसते

परतीच्या पावसात सापडलेलं सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) सध्या गावोगावी गोठ्यामागच्या खोलीत, पत्र्याच्या शेडमध्ये कोंबलं जातंय. ज्यांनी कोंबलं असेल त्यांनी आधी ते बाहेर काढून पसरावं. वरून खडखडीत दिसलं तरी आत ओल असते. ती ओल तापते आणि काही आठवड्यांत आतला थर पांढरा-करडा पडतो. बुरशीचा चारा जनावराला बाधेल याची काळजी सगळे करतात, पण तो उपसणाऱ्या माणसाच्या छातीचा विचार कोणी करत नाही. चाळिशीतली धडधाकट माणसं वैरणीची पाटी उचलताना धापा टाकायला लागलेली मी पाहिली आहेत. बहुतेकांची सुरुवात अशाच बंद खोलीत झाली होती.

शिफारस अशी की साठवायच्या चाऱ्यात ओल १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. शेतात ती मोजणार कशी? लोखंडी पहार गंजीच्या पोटात खुपसा आणि अर्ध्या तासाने ओढा. टोक हाताला गरम लागलं, तर गंजी लगेच मोडा. हा माझा अंदाजाचा उपाय आहे, पण मला त्याने आजवर दगा दिलेला नाही. फार तापलेली गंजी पेटही घेते.

तापलेल्या चाऱ्यात बुरशी आणि थर्मोफिलिक अ‍ॅक्टिनोमायसीट्स हे सूक्ष्मजीव वाढतात. चारा झटकला की त्यांचे कण धुरासारखे उडतात. ते इतके बारीक असतात की नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तोंडाला बांधलेलं उपरणं किंवा ओढणी त्यांना अडवत नाही. काम सकाळी होतं आणि त्रास चार ते आठ तासांनी सुरू होतो: थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छाती आवळणं, अंगदुखी. एक-दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून माणूस हवा बदलली म्हणतो आणि पुन्हा त्याच खोलीत शिरतो. असं वर्षानुवर्षं चाललं की फुप्फुस कडक होत जातं, आणि कडक झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. या आजाराला फार्मर्स लंग म्हणतात.

बुरशी दिसली तर तो चारा बंद खोलीत झटकू नका. दारं-खिडक्या उघडा, थोडा वेळ थांबा, लागेल तेवढ्याच चाऱ्यावर पाण्याचा हलका शिडकावा करा, मग उचला. खराब थर उकिरड्यात दाबा. तो गाभण जनावराला तर अजिबात घालू नका, गाभ जाऊ शकतो. कुट्टी मशीन उघड्यावर आणा आणि धूळ तुमच्यापासून दूर जाईल अशा अंगाला उभे राहा. औषध दुकानातला एन-९५ मास्क वापरा, नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाट दाढीवर तो नीट बसत नाही. आणि एकच आणू नका. गोठा झाडणाऱ्या घरातल्या बाईच्या नाकातही तीच धूळ जाते.

दुकानदार टॉक्सिन बाइंडरचं पाकीट पुढे करेल. ते जनावराच्या पोटातल्या विषासाठी असतं, तेही मर्यादित. त्याने चाऱ्यातली बुरशी मरत नाही आणि तुमची छातीही वाचत नाही. त्या पैशात ताडपत्री घ्या आणि गंजीखाली दगड-लाकडांचा ओटा करा.

कोंबड्यांच्या शेडमध्ये थंडीमुळे पडदे पूर्ण पाडू नका, वरचा भाग उघडा ठेवा. खाली अंथरलेल्या तुसाची मूठ आवळून सोडली की ती हळूहळू सुटावी. लगेच भुरभुरली तर तूस फार कोरडं, म्हणजे धूळ; गोळा तसाच राहिला तर ते ओलं, म्हणजे अमोनिया वायू.

या पंधरवड्यातली इतर कामं:
– लाळ्या-खुरकूत लस
– वासरांना जंतनाशक
– गोचीड नियंत्रण
– दुभत्या जनावरांना रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण
– चाऱ्यावर युरिया प्रक्रिया: वाळलेल्या चांगल्या १०० किलो चाऱ्याला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी, २१ दिवस झाकून (बुरशीच्या चाऱ्याला नाही, सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये)

खोकला आणि दम राहिला तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा: कोणता चारा उपसला, किती वाजता उपसला, ताप कधी चढला. हे सांगितलं नाही तर न्यूमोनिया किंवा टीबी समजून औषधं सुरू होऊ शकतात. साधा एक्स-रे कधी कधी स्वच्छ दिसतो. तेव्हा फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी आणि छातीचा सीटी स्कॅन करायचा का, हे विचारा. तोवर कुटाराच्या खोलीत पाऊल ठेवू नका, ते काम दुसऱ्याला मास्क लावून करू द्या.