दाढी ठेवा म्हणाले, तर आधी हे विचारा

आकाशवाणीची नाट्य ऑडिशन पास झालीय, आता मालिका-सिनेमात चरित्र भूमिका करायच्यात, असे बरेच जण भेटतात. फोटो, सेल्फ टेप (स्वतःच शूट करून पाठवायची ऑडिशन) तुम्हाला ठाऊक असणारच. मला बोलायचंय ते होल्डबद्दल, म्हणजे तारखा त्यांच्यासाठी राखून ठेवण्याबद्दल.

फोन येतो, ‘सर, तुमचं कॅरेक्टर लॉक आहे. महिनाभर डेट्स होल्डवर ठेवा, आणि हो, दाढी वाढवा.’ आपण हरखतो. पण आपल्याला पैसे मिळतात ते पर डे, होल्डचे शून्य. महिन्यात काम निघतं चार दिवसांचं, आणि कुठले चार ते कळतं आदल्या रात्री. दाढीपायी जाहिरातीतला गुळगुळीत बँक मॅनेजर हातचा जातो, होल्डपायी चर्चगेटला आकाशवाणीतलं नभोनाट्याचं रेकॉर्डिंग जातं. मग मालिकेचा ट्रॅक, म्हणजे कथानक, बदलतो आणि लेखक तुमच्या काकांना गावाला पाठवतो. माझे काका अजून गावालाच आहेत. ‘कंटिन्युइटी आहे, दाढी काढू नका, कधीही बोलावू,’ एवढं मात्र सांगून ठेवलेलं. कंटिन्युइटी म्हणजे आधीच्या सीनमधला चेहरा पुढच्या सीनमध्येही तसाच दिसायला हवा. झालेल्या दिवसांचे पैसे 90 दिवसांनी, तेही टीडीएस कापून. कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवर आपल्या नावावर दिसतोय ना, तेही आपणच बघायचं.

तेव्हा हो म्हणण्याआधी विचारा: महिन्याला किमान किती दिवस? पेमेंट कधी? कंटिन्युइटी संपली हे कोण कळवणार? उत्तर मेलवर घ्या, निदान व्हॉट्सअॅपवर तरी. ‘आपल्यात कसलं लेखी?’ म्हणणाऱ्याकडून तर घ्याच. एवढं विचारल्यावर काम जातं का? कधी कधी जातं. जाऊ दे, दुसरं येतं. बापाची, सासऱ्याची, तलाठ्याची गरज प्रत्येक गोष्टीत असते.

नोकरी असेल तर इतक्यात सोडू नका. अमरीश पुरींनी कर्मचारी राज्य विमा महामंडळातली नोकरी कितीतरी वर्षं सांभाळून नाटकं केली. दोन दिवसांत ‘कॅमेरा अॅक्टिंग’ शिकवणाऱ्या कार्यशाळांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि आगाऊ पैसे मागणारा कोऑर्डिनेटर (कलाकारांना काम मिळवून देणारा मध्यस्थ) दिसला की सरळ उठावं.

रेडिओ मात्र सोडू नका. कागद न वाजवता पान बाजूला सरकवणं, ‘प’, ‘फ’ आले की तोंड माइकपासून जरा तिरकं करणं, लांबून हाक मारायची तर दोन पावलं मागे जाणं, हे अंगात मुरलं की डबिंगला तुमचा वेळ वाया जात नाही. अडचण उलटीकडून येते. रेडिओत राग आवाजात दाखवावा लागतो, कॅमेऱ्यापुढे तोच राग भडक वाटतो. आवाज निम्म्यावर आणा आणि समोरच्याचं खरंच ऐका.

दुसरं पाठांतराचं. स्टुडिओत कागद हातात असतो, सेटवर सीन मेकअप चालू असताना हातात पडतो. रोज वर्तमानपत्रातला अर्धा अग्रलेख पाठ करून घरच्यांना म्हणून दाखवा. कंटाळतील, पण चुका तेच काढतील.