आयेल्ट्समध्ये ७ किंवा त्याहून वरचा बँड आणायचा असेल तर तयारी कशी करावी

परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा असो, कॅनडाचं पीआर (कायमचं राहण्याची परवानगी) असो की ब्रिटनमध्ये नर्सिंगची नोंदणी, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या स्कोअरपाशी बऱ्याच जणांचं घोडं अडतं. इंग्रजी येत नाही म्हणून अडतं असंही नाही. मराठी माध्यमातून शिकलेली मुलं नीट तयारी करून ७.५ आणतात आणि पहिलीपासून इंग्रजी शाळेत गेलेली, फाडफाड बोलणारी मुलं रायटिंगच्या ६ वर अडकतात. ही परीक्षा नेमकं काय तपासते हे समजून घेतलं आणि त्यातली आपली कच्ची जागा शोधून तिथेच वेळ घातला, तर स्कोअर हलतो. रोज सगळंच थोडं थोडं करत राहिलं, तर महिने जातात आणि बँड तिथेच राहतो.

आधी आकडा ठरवा

परीक्षेचे चार भाग असतात: लिसनिंग (ऐकणं), रीडिंग (वाचणं), रायटिंग (लिहिणं) आणि स्पीकिंग (बोलणं). प्रत्येक भागाला आणि एकूण परीक्षेला ९ पर्यंतचा गुणांक मिळतो, त्यालाच बँड म्हणतात. परीक्षेच्या दोन प्रकारांपैकी तुम्हाला अकॅडेमिक द्यायची आहे की जनरल ट्रेनिंग, आणि किती बँड हवा, हे फी भरण्याआधी बघा. उच्च शिक्षण आणि नर्सिंग-डॉक्टरकीच्या नोंदणीला साधारणपणे अकॅडेमिक लागते, कॅनडात स्थायिक होण्याच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेला जनरल. लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्ही प्रकारांत सारखंच असतं. फरक रीडिंगमध्ये आणि रायटिंगच्या पहिल्या टास्कमध्ये आहे.

नुसत्या एकूण बँडवर जाऊ नका. समजा, लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६ आणि स्पीकिंग ६.५ आलं. सरासरी ६.७५ होते आणि ती वर सरकून एकूण ७ बँड दिसतो. पण ब्रिटनच्या एनएमसीला (नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेला) नर्ससाठी रायटिंगमध्ये किमान ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात, म्हणजे हा ७ तिथे चालत नाही. कॅनडात सीएलबी ९ (सीएलबी म्हणजे भाषा मोजायची कॅनडाची स्वतःची पायरी) धरायचा तर लिसनिंगला ८ आणि उरलेल्या तिन्हींना प्रत्येकी ७ हवेत. तुमची संस्था प्रत्येक भागात किती मागते ते चार आकडे कागदावर लिहून टेबलासमोर लावा. पुढची सगळी तयारी त्या चार आकड्यांसाठी आहे.

मग एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून

अभ्यास सुरू करण्याआधीच हे करा. केंब्रिजने काढलेल्या सरावसंचांमधला एक पेपर घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि लिसनिंग, रीडिंग, रायटिंग सलग सोडवा. मध्ये चहा नाही, डिक्शनरी नाही. लिसनिंग आणि अकॅडेमिक रीडिंगमध्ये ४० पैकी साधारण ३० बरोबर आले की ७ बँड आणि ३५ च्या आसपास ८ बँड होतो. जनरलच्या रीडिंगमध्ये उतारे सोपे असतात, म्हणून त्याच बँडला जास्त उत्तरं बरोबर यावी लागतात.

हवे असलेले आकडे आणि आलेले आकडे शेजारी मांडले की कशाला किती वेळ द्यायचा ते आपोआप दिसतं. अर्ध्या बँडचं अंतर असेल तर सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा. एकापेक्षा जास्त असेल तर परीक्षेची तारीख घेण्याची घाई नको.

लिसनिंग: एकदाच ऐकू येतं

चार भाग, ४० प्रश्न, सुमारे अर्धा तास, आणि प्रत्येक ध्वनिफीत एकदाच वाजते. बोलणारे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन, कोणत्याही वळणाचे असू शकतात. नुसते अमेरिकन सिनेमे बघून कान तयार होत नाही. बीबीसी आणि ऑस्ट्रेलियाच्या एबीसीवरचे बोलण्याचे कार्यक्रमही ऐका.

सगळ्यात जास्त फायदा होतो तो श्रुतलेखनाचा. दोन मिनिटांची ध्वनिफीत घ्या, थांबवत थांबवत शब्दन् शब्द लिहून काढा आणि मग छापील मजकुराशी ताडून बघा. जे शब्द सुटले ते लाल पेनाने लिहा. आठवडाभरात लक्षात येईल की अवघड शब्द सुटतच नाहीत. सुटतात ते पटकन बोलून गेलेले छोटे शब्द आणि अनेकवचनाचा शेवटचा ‘एस’. उत्तर ‘टिकेट्स’ असताना ‘टिकेट’ लिहिलं तर तो गुण गेला. स्पेलिंग चुकलं तरी गेला. दोनच शब्दांत उत्तर द्या असं म्हटलंय आणि तुम्ही तीन लिहिले, तरी गेला.

फसवणारी जागा ओळखून ठेवा. बोलणारा म्हणतो, ‘मंगळवारी भेटू’, लगेच पुढे म्हणतो, ‘नाही, मंगळवारी मला बाहेर जायचंय, गुरुवार बरा.’ घाईघाईने पहिला वार लिहिणारे इथे हमखास पडतात. संगणकावरच्या परीक्षेत शेवटी उत्तरं तपासायला दोनच मिनिटं मिळतात, म्हणून ऐकतानाच नीट टाइप करायची सवय हवी.

रीडिंग: माहीत असलेलं बाजूला ठेवा

तीन भाग, ४० प्रश्न, ६० मिनिटं. वेळ पुरत नाही ही सगळ्यांचीच तक्रार, आणि त्याचं कारण बहुधा एकच असतं: अख्खा उतारा समजून घेत वाचणं. दोन-तीन मिनिटांत उताऱ्यावरून नजर फिरवा, कोणत्या परिच्छेदात काय आहे एवढं टिपा आणि प्रश्नांकडे वळा.

ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन या प्रकारात हुशार मुलंही गुण घालवतात. समजा उताऱ्यात म्हटलंय, ‘गावातली बरीचशी मुलं आता सायकलने शाळेत जातात, काही अजून चालतच जातात.’ ‘गावातली सगळी मुलं सायकलने शाळेत जातात’ हे विधान फॉल्स, कारण उतारा त्याच्या उलट सांगतो. ‘या सायकली मुलांना शाळेने दिल्या’ हे नॉट गिव्हन, कारण सायकली कुणी दिल्या याबद्दल उताऱ्यात चकार शब्द नाही. आपल्याला ते शक्य वाटतं, आपल्या तालुक्यात तसं झालेलंही असेल, पण त्याचा इथे संबंध नाही. उताऱ्यातल्या ज्या वाक्यामुळे उत्तर ठरलं त्या वाक्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. ट्रू किंवा फॉल्ससाठी तसं वाक्य सापडत नसेल, तर ते नॉट गिव्हन. या प्रकारातली उत्तरं उताऱ्याच्या क्रमानेच येतात, त्यामुळे मागे-पुढे धावायची गरज नसते. परिच्छेदांना मथळे जोडायच्या प्रश्नात मात्र क्रम नसतो.

चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नका.

रायटिंग: इथेच जास्त कष्ट घ्या

बहुतेकांचा सगळ्यात कमी बँड इथे असतो, आणि सगळ्यात कमी सरावही इथेच होतो. लिहिलेलं तपासणार कोण, या प्रश्नापाशी मुलं थांबतात आणि पुन्हा लिसनिंगचा पेपर सोडवायला घेतात.

६० मिनिटांत दोन टास्क. पहिल्यात किमान १५० शब्द, दुसऱ्यात किमान २५०. दुसऱ्या टास्कचं वजन पहिल्याच्या दुप्पट आहे, म्हणून २० आणि ४० मिनिटं अशी वाटणी करा आणि ती मोडू नका. गुण चार गोष्टींना सारखे मिळतात: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली सलगता, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. अवघड शब्दांसाठी वेगळा खजिना ठेवलेला नाही. जडजंबाळ शब्द चुकीच्या जागी बसवला की उलट गुण जातात.

अकॅडेमिकच्या पहिल्या टास्कमध्ये आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया असते. एकेक आकडा वाचून दाखवू नका. एकूण चित्र काय दिसतं, काय वाढलं, काय घटलं, कोण कायम वर राहिलं, हे दोन वाक्यांत आधी सांगा. याला ओव्हरव्ह्यू म्हणतात आणि तो स्पष्ट नसेल तर वरचा बँड मिळत नाही. आकडे का वाढले याचे अंदाज इथे नकोत. जनरलमध्ये पत्र असतं. तिथे दिलेल्या तिन्ही मुद्द्यांना उत्तर द्या आणि मित्राचं पत्र व अधिकाऱ्याचं पत्र यांचा सूर वेगळा ठेवा.

आता दुसरा टास्क. समजा प्रश्न आहे: शहरातली बससेवा सगळ्यांसाठी मोफत असावी असं काहींना वाटतं, तुम्ही कितपत सहमत आहात? पाठ केलेला निबंध सुरू होतो, ‘नाऊ अ डेज, पब्लिक ट्रान्सपोर्ट प्लेज अ व्हायटल रोल इन अवर लाइफ’. मग बसचे फायदे, बसचे तोटे, आणि शेवटी दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा. प्रश्न मोफत करण्याबद्दल होता. त्याला उत्तरच दिलं नाही. असा निबंध व्याकरणात बिनचूक असला तरी वर जात नाही.

लिहायला घेण्याआधी पाच मिनिटं विचाराला द्या. माझं मत काय? समजा, मोफत नको. का? माणूस स्कूटर सोडत नाही तो तिकिटाच्या पैशांमुळे नव्हे, बस वेळेवर येत नाही म्हणून. मग तिकीट रद्द केल्याने काय होईल? बस वाढवायला लागणारा पैसा कमी पडेल आणि थांब्यावरची वाट आणखी वाढेल. उदाहरण? संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पाऊण तास थांब्यावर ताटकळणारी बाई. तिला फुकट बस मिळाली तरी ती उद्या शेअर रिक्षाच धरेल. हा झाला एक पूर्ण परिच्छेद: एक मुद्दा, त्याचं कारण, परिणाम आणि डोळ्यांसमोर उभं राहील असं उदाहरण. असे दोन नीट परिच्छेद, वर आपलं मत सांगणारी दोन-तीन वाक्यं आणि खाली छोटा समारोप, एवढं २७०-२८० शब्दांत बसतं. अर्धवट पाच मुद्द्यांपेक्षा पूर्ण फुलवलेल्या दोन मुद्द्यांना जास्त गुण मिळतात.

व्याकरणात मराठी माणसाच्या ठरावीक चुका होतात, आणि त्या ठरावीक आहेत म्हणूनच सुधारता येतात. पहिली ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ची. मराठीत ती व्यवस्थाच नाही, त्यामुळे मुलं कधी ती गाळतात, तर कधी ‘द नेचर’, ‘द सोसायटी’ असं सगळीकडे चिकटवतात. निबंध लिहून झाल्यावर एक फेरी फक्त यासाठी मारा: प्रत्येक एकवचनी, मोजता येणाऱ्या नामावर थांबा आणि त्याच्याआधी काही आहे का ते बघा. दुसरी चूक ‘जरी... तरी’ची. ‘ऑलदो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ येत नाही. ‘बिकॉज’च्या वाक्यात ‘देअरफोर’ येत नाही. तिसरी, ‘इन्फर्मेशन्स’, ‘इक्विपमेंट्स’, ‘अ‍ॅडव्हायसेस’ अशी अनेकवचनं. चौथी, ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘मॅरीड विथ’. आपल्याच तपासलेल्या निबंधांतून अशी यादी तयार करा. विकतच्या पुस्तकातल्या यादीपेक्षा ती कामाची ठरते.

आठवड्याला तीन निबंध पुरेत, पण प्रत्येक निबंध तपासून घ्या आणि चुका सुधारून पुन्हा लिहा. हे पुन्हा लिहिणंच बँड वाढवतं, आणि तेच सगळे टाळतात. तपासायला चांगला शिक्षक मिळत असेल तर क्लासची फी इथे सत्कारणी लागते. लिसनिंग-रीडिंगसाठी क्लास लागत नाही.

स्पीकिंग: पाठांतर एक्झामिनरला कळतं

११ ते १४ मिनिटं, समोर किंवा व्हिडिओ कॉलवर खरा माणूस. आधी घर, काम, आवडीनिवडी. मग क्यू कार्ड, म्हणजे विषय लिहिलेलं कार्ड, एक मिनिट विचार करून दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. शेवटी त्याच विषयावर जरा खोल चर्चा.

क्यू कार्डवर ‘तुमच्या लक्षात राहिलेला एक प्रवास’ आला तर पॅरिसची पाठ केलेली गोष्ट सांगू नका. गणपतीला एसटीने कोकणात गेलात ते सांगा: रात्रभर न मिळालेली झोप, घाटातलं धुकं, मांडीवर धरलेली मखराची पिशवी. मिळालेल्या एका मिनिटात वाक्यं लिहायला बसू नका, असे चार-पाच शब्द टिपा आणि त्यांच्या आधाराने बोला. गोष्ट रंगली की आपण नकळत वर्तमानकाळात शिरतो, मराठीत ते खुलतं. इंग्रजीत मात्र भूतकाळ शेवटपर्यंत धरून ठेवा. तिसऱ्या भागात विचारतील, लोक सणाला गावी का जातात? तेव्हा ‘माझे आईबाबा...’ इथेच न थांबता सगळ्या समाजाबद्दल बोला.

मराठी वळणाच्या उच्चाराचे गुण कापत नाहीत, बोललेलं कळलं पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टींवर मेहनत घ्या. ‘वेट’ म्हणजे ओला आणि ‘व्हेट’ म्हणजे जनावरांचा डॉक्टर, यांतला फरक ओठांत आहे: पहिल्याला ओठ गोल, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. आणि शब्दातला जोर: ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर असतो, ‘फटॉग्रफी’त दुसऱ्यावर. रोज दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करून स्वतःचं ऐका.

परीक्षा आणि त्यानंतर

शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकू नका. दोन पूर्ण पेपर आणि तुमची चुकांची यादी एवढंच. नाव नोंदवताना दिलेला मूळ पासपोर्टच केंद्रावर न्या, त्याची झेरॉक्स चालत नाही.

स्कोअर साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून प्रवेशाच्या तारखांचा हिशोब करून परीक्षा द्या. एकाच भागात कमी पडलात तर संगणकावर परीक्षा दिलेल्यांना ६० दिवसांच्या आत तेवढाच भाग पुन्हा देण्याची सोय आहे, तिला वन स्किल रीटेक म्हणतात. मात्र ती सगळ्याच संस्थांना चालत नाही. पैसे भरण्याआधी तुमच्या विद्यापीठाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. रायटिंग किंवा स्पीकिंगचा बँड अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटला तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते, आणि स्कोअर बदलला तर तिची फी परत मिळते.